रोप्पोंगी हिल्स : टोकियोतील ‘शहरातले शहर’

रोप्पोंगी हिल्स हे जपानची राजधानी टोकियो येथील एक मोठे बहुउपयोगी गगनचुंबी संकुल आहे. शहराच्या मिनातो विभागात, रोप्पोंगी ६-चोमे या भागात सुमारे ११.६ हेक्टर, म्हणजे जवळपास २९ एकर जागेवर ते उभे आहे. कार्यालये, घरे, हॉटेल, दुकाने, चित्रपटगृह, दूरचित्रवाणी केंद्र, कलासंग्रहालय आणि बाग हे सगळे एकाच नियोजित आवारात येथे एकत्र आले आहे. ‘मोरी बिल्डिंग’ या कंपनीच्या पुढाकाराने उभारलेले हे संकुल २५ एप्रिल २००३ रोजी लोकांसाठी खुले झाले.

संकुलातील सर्वांत उंच इमारत ‘मोरी टॉवर’ ५४ मजली आणि २३८ मीटर उंच आहे. टोकियोत आज याहून उंच इमारती आहेत, त्यामुळे उंची हे रोप्पोंगी हिल्सचे वैशिष्ट्य राहिलेले नाही. शहरनियोजनाचे अभ्यासक आजही या प्रकल्पाकडे वळतात ते दुसऱ्या कारणाने. येथे काही रिकामा भूखंड नव्हता. सुमारे ४०० जमीनधारक आणि भाडेपट्टाधारकांच्या लहान-लहान तुकड्यांतून ही जागा एकत्र करावी लागली. त्यासाठी १७ वर्षे लागली आणि त्यातली प्रत्यक्ष बांधकामाची वर्षे फक्त तीन होती.

आधी येथे काय होते?

रोप्पोंगीचा हा भाग उंचसखल आहे. उंच बाजूला मोठा रस्ता आणि दूरचित्रवाणी केंद्र, तर खोलगट बाजूला दाटीची निवासी वस्ती, अशी त्याची जुनी रचना होती. वस्तीत लाकडी घरे, छोटी दुकाने आणि जुन्या सदनिका होत्या. सोनेरी माशांची पैदास करणारे व्यावसायिकही या सखल भागात होते. गल्ल्या इतक्या अरुंद होत्या की आग लागली तर अग्निशमन दलाची गाडी आत शिरणे कठीण. लाकडी घरांच्या आणि भूकंपाच्या देशात ही गोष्ट जिवावर बेतणारी होती.

या जागेला त्याहून जुना इतिहासही आहे. एदो काळात, म्हणजे टोकियोचे नाव एदो असताना, येथे चोफू संस्थानच्या मोउरी घराण्याचा वाडा होता. आपल्या धन्याच्या मृत्यूचा सूड घेणाऱ्या ४७ रोनिन सामुराईंची कथा जपानमध्ये घरोघरी ठाऊक आहे. त्यांपैकी दहा जणांना या वाड्यात नजरकैदेत ठेवले होते आणि १७०३ मध्ये त्यांनी येथेच सेप्पुकु, म्हणजे विधिपूर्वक आत्मबलिदान केले. पुढे रशिया-जपान युद्धात गाजलेले सेनापती नोगी मारेसुके यांचा जन्मही १८४९ मध्ये याच आवारात झाला. विसाव्या शतकाच्या मध्यास ही जागा निक्का या व्हिस्की बनवणाऱ्या कंपनीकडे आली. तिच्या कारखान्यामुळे वाड्यातल्या जुन्या तळ्याला ‘निक्का तळे’ असे नाव पडले. १९७७ मध्ये ही जागा ‘टीव्ही असाही’ या दूरचित्रवाणी कंपनीकडे गेली.

येथे नावांचा एक घोटाळा टाळायला हवा. वाड्याचे मालक ‘मोउरी’ आणि संकुल उभारणारे ‘मोरी’ यांची नावे कानाला सारखी वाटली, तरी जपानी लिपीत ती वेगळ्या चिन्हांनी लिहितात. ही दोन वेगळी घराणी आहेत.

मोरी कुटुंब आणि ‘उभे उद्यान-नगर’

मोरी बिल्डिंगचे संस्थापक ताइकिचिरो मोरी हे मूळचे अर्थशास्त्राचे प्राध्यापक. वडिलोपार्जित जागांवर कार्यालयीन इमारती बांधत त्यांनी टोकियोच्या तोरानोमोन भागात व्यवसाय उभा केला. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांची गणना जगातील सर्वांत श्रीमंत व्यक्तींमध्ये होत होती. त्यांचे पुत्र मिनोरू मोरी (१९३४–२०१२) यांनी कंपनीला सुट्या इमारतींकडून संपूर्ण वस्तीच्या पुनर्रचनेकडे वळवले.

मिनोरू मोरी यांच्यावर फ्रान्समध्ये काम केलेले वास्तुविशारद ल कॉर्ब्युझिए यांच्या विचारांचा मोठा प्रभाव होता. ल कॉर्ब्युझिए यांची चित्रे आणि रेखाटनेही ते संग्रही ठेवत. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे होते : टोकियो आडवे पसरत गेले, त्यामुळे लोक दूरच्या उपनगरांत राहतात आणि रोजचे काही तास गर्दीच्या रेल्वेत घालवतात. तीच घरे आणि कार्यालये उंच इमारतींत एकत्र रचली, तर जमीन मोकळी होईल, तिथे झाडे लावता येतील आणि काम, घर, खरेदी, कला सगळे चालत जाण्याच्या अंतरावर येईल. या कल्पनेला त्यांनी ‘उभे उद्यान-नगर’ म्हटले.

या कल्पनेचा पहिला मोठा प्रयोग म्हणजे जवळच उभे राहिलेले ‘आर्क हिल्स’. कार्यालये, घरे, हॉटेल आणि ‘सन्टोरी हॉल’ हे संगीतगृह असलेला तो प्रकल्प १९८६ मध्ये पूर्ण झाला. त्याच वर्षी टोकियो महानगर प्रशासनाने रोप्पोंगी ६-चोमे भागाला पुनर्विकासासाठी निश्चित केले. टीव्ही असाहीलाही आपल्या जुन्या जागेचा नव्याने विचार करायचा होता. रोप्पोंगी हिल्सची सुरुवात येथून होते.

१७ वर्षे कशात गेली?

जपानमध्ये जमिनीवरची खासगी मालकी अतिशय भक्कम मानली जाते. जमीन एकाची, तिच्यावरचे घर दुसऱ्याचे आणि भाडेकरू तिसराच, असेही अनेकदा असते. भाडेपट्ट्याच्या हक्कालाही बाजारात मोठी किंमत असते. अशा वस्तीचा एकत्रित पुनर्विकास करण्यासाठी १९६९ च्या नागरी पुनर्विकास कायद्याने एक पद्धत घालून दिली आहे. तिला ‘हक्कांचे रूपांतर’ म्हणता येईल.

ही पद्धत अशी चालते. आधी प्रत्येकाच्या जमिनीचे, घराचे किंवा भाडेपट्ट्याचे मूल्य ठरवले जाते. नंतर तेवढ्याच मूल्याची जागा त्याला नव्या इमारतीत मिळते, सोबत जमिनीतला सामायिक हिस्साही. नवी इमारत जुन्या घरांपेक्षा खूप मोठी असल्याने सगळ्यांना वाटून जागा उरते. ही उरलेली जागा विकून किंवा विकासकाला देऊन बांधकामाचा खर्च भागवला जातो. म्हणून मूळ रहिवाशाला तेवढ्या जागेसाठी खिशातून पैसे घालावे लागत नाहीत. ज्याला नव्या इमारतीत राहायचे नसेल, तो मोबदला घेऊन बाहेर पडू शकतो.

कायद्यानुसार पुनर्विकास संघ स्थापन करण्यासाठी जमीनमालक आणि भाडेपट्टाधारक या दोन्ही गटांतील प्रत्येकी दोन-तृतीयांश लोकांची संमती लागते. पण दोन-तृतीयांश गाठले की काम सुरू, असे व्यवहारात होत नाही. उरलेल्या एक-तृतीयांश लोकांची घरेही त्याच जागेवर असतात आणि ते अडून बसले तर प्रकल्प वर्षानुवर्षे रखडतो. त्यामुळे बैठका, घरोघरी भेटी, शंका आणि पुन्हा बैठका यांतच बहुतेक काळ जातो.

येथेही तसेच झाले. वस्तीच्या वेगवेगळ्या भागांत आधी चर्चागट तयार झाले आणि १९९० मध्ये संघाची पूर्वतयारी समिती बनली. त्याच सुमारास जपानची फुगलेली अर्थव्यवस्था कोसळली. जमिनीचे भाव घसरू लागले आणि देशभर अनेक बांधकाम योजना गुंडाळल्या गेल्या. ही योजना मात्र चालू राहिली. १९९५ मध्ये तिला नगररचनेची औपचारिक मान्यता मिळाली, १९९८ मध्ये पुनर्विकास संघ स्थापन झाला, २००० मध्ये हक्क-रूपांतराचा आराखडा मंजूर झाला आणि त्याच वर्षी बांधकाम सुरू झाले.

अखेरीस सुमारे ४०० हक्कदार प्रकल्पात सहभागी झाले. उरलेले मोबदला घेऊन निघून गेले. जे थांबले, त्यांनाही बांधकामाच्या काळात दुसरीकडे राहावे लागले. १९८६ मध्ये साठीत असलेला रहिवासी २००३ मध्ये ऐंशीच्या घरात पोहोचलेला असणार, हे लक्षात घेतले की या १७ वर्षांचा अर्थ कळतो. पुनर्विकासाच्या हिशेबात जमिनीला भाव असतो, वाट पाहण्यात गेलेल्या आयुष्याला नसतो.

संकुलाची रचना

संकुलाचा आराखडा एका हाताने केलेला नाही. मोरी टॉवर आणि ‘ग्रँड हयात’ हॉटेल यांची रचना न्यूयॉर्कच्या ‘कोन पेडरसन फॉक्स’ या संस्थेने केली. दुकानांचा भाग अमेरिकी वास्तुविशारद जॉन जर्डे यांच्या संस्थेकडे होता. घरांच्या इमारतींवर लंडनच्या ‘कॉनरन अँड पार्टनर्स’ने काम केले, तर टीव्ही असाहीचे मुख्यालय जपानी वास्तुविशारद फुमिहिको माकी यांनी साकारले. त्यामुळे संकुलाला एकसाची चेहरा नाही. वळणदार जिने आणि वेगवेगळ्या पातळ्यांवरचे चौक यांतून फिरताना नवखा माणूस वाट चुकतो, अशी तक्रार सुरुवातीपासून होत आली आहे.

• मोरी टॉवर : मधले बहुतेक मजले कार्यालयांचे आहेत. वरच्या मजल्यांवर निरीक्षण-दालन आणि कलासंग्रहालय आहे. लिफ्ट दुमजली आहेत, म्हणजे एकावर एक असे दोन डबे एकाच वेळी वर-खाली जातात आणि लागोपाठच्या दोन मजल्यांवर एकदम थांबतात. कमी जागेत जास्त लोकांची ने-आण त्यामुळे होते.

• निवासी इमारती : चार इमारतींत मिळून सुमारे ८४० घरे आहेत. मूळ हक्कदारांपैकी अनेकांना येथेच घरे मिळाली. उरलेली घरे टोकियोतील सर्वांत महागड्या भाड्याच्या घरांत मोडतात.

• केयाकिझाका : झेलकोवा वृक्षांनी सजलेला सुमारे ४०० मीटर लांबीचा उताराचा रस्ता. पुनर्विकासातच तो नव्याने काढला गेला. हिवाळ्यातली त्यावरची दिव्यांची आरास पाहायला मोठी गर्दी होते.

• मोउरी उद्यान : जुन्या वाड्याच्या जागी केलेली जपानी पद्धतीची बाग. मूळ निक्का तळे बुजवून टाकण्याऐवजी संरक्षक थर घालून जमिनीखाली जतन केले आणि त्यावर नवे तळे केले. १९९४ मध्ये अवकाशयानातून फेरी मारून आलेल्या मेदाका जातीच्या छोट्या माशांची पिल्लावळ या तळ्यात सोडण्यात आली.

• गच्चीवरचे भातशेत : चित्रपटगृह असलेल्या इमारतीच्या गच्चीवर बाग, भाज्यांचे वाफे आणि एक छोटे भातखाचर आहे. येथील रहिवासी आणि मुले उन्हाळ्याच्या तोंडावर लावणी करतात आणि शरदात कापणी. या बागेचे हजारो टन वजन इमारतीवर थेट टेकवलेले नाही. भूकंपात ते इमारतीच्या हालचालीला विरोध करते आणि हादरा सौम्य करते.

टॉवरसमोरच्या चौकातले कोळ्याचे महाकाय शिल्प ही रोप्पोंगी हिल्सची ओळख बनली आहे. शिल्पकार लुईझ बुर्ज्वा यांच्या या शिल्पाचे नाव ‘मामाँ’, म्हणजे ‘आई’. सुमारे दहा मीटर उंचीच्या या मादी कोळ्याच्या पोटाशी संगमरवरी अंडी आहेत. भेटायचे ठिकाण ठरवताना टोकियोकर ‘कोळ्याखाली’ असे सांगतात.

सर्वांत वरच्या मजल्यांवर कला

व्यापारी इमारतीत सर्वांत महाग भाडे वरच्या मजल्यांना मिळते. मिनोरू मोरी यांनी तेच मजले कलेला दिले. ५३ व्या मजल्यावरचे मोरी कलासंग्रहालय ऑक्टोबर २००३ मध्ये सुरू झाले. डेव्हिड एलियट हे ब्रिटिश तज्ज्ञ त्याचे पहिले संचालक होते. परदेशी संचालक नेमण्याची ही जपानी कलासंग्रहालयातील पहिलीच वेळ होती. संग्रहालय बहुतेक दिवशी रात्री दहापर्यंत उघडे असते, त्यामुळे कार्यालय सुटल्यावरही लोक येऊ शकतात.

आशियाई समकालीन कलेवर या संग्रहालयाचा भर आहे. २००८–०९ मध्ये येथे ‘चलो! इंडिया’ हे भारतीय समकालीन कलेचे मोठे प्रदर्शन भरले होते. त्यात मुंबईचे जितीश कल्लाट, तसेच भारती खेर यांच्यासारख्या कलावंतांचे काम होते. २०१७ मध्ये म्हैसूरचे चित्रकार एन. एस. हर्षा यांचे स्वतंत्र प्रदर्शनही येथे झाले. २००७ मध्ये जवळपासच राष्ट्रीय कला केंद्र आणि सन्टोरी कलासंग्रहालय सुरू झाले. एकेकाळी रात्रीच्या बार-क्लबसाठी प्रसिद्ध असलेल्या रोप्पोंगीला या तीन संस्थांमुळे कलेचा परिसर अशी नवी ओळख मिळाली.

फिरत्या दरवाजाची दुर्घटना

उद्घाटनाला एक वर्षही झाले नव्हते, तेव्हा २६ मार्च २००४ रोजी मोरी टॉवरच्या प्रवेशद्वारी सहा वर्षांच्या एका मुलाचा मृत्यू झाला. आईबरोबर आलेला हा मुलगा मोठ्या स्वयंचलित फिरत्या दरवाजात शिरत असताना त्याचे डोके दरवाजा आणि चौकट यांच्या मध्ये अडकले.

चौकशीत पुढे आलेल्या गोष्टी अस्वस्थ करणाऱ्या होत्या. दरवाजाच्या फिरत्या भागाचे वजन सुमारे २.७ टन होते. युरोपात असे दरवाजे हलक्या ॲल्युमिनियमचे असत. जपानमध्ये मात्र ते दिसायला भक्कम आणि झोताच्या वाऱ्याला टिकणारे करताना जड होत गेले. जड दरवाजा थांबवण्याची आज्ञा मिळाली तरी लगेच थांबत नाही. त्यात माणूस ओळखणाऱ्या सेन्सरची कक्षा अशी ठेवलेली होती की ठरावीक उंचीखालचे लहान मूल त्याला दिसतच नव्हते. या दरवाजांत लोक अडकण्याचे प्रकार आधीही घडले होते, पण त्यातून पुरेसा धडा घेतला गेला नव्हता. २००५ मध्ये न्यायालयाने व्यवस्थापन आणि दरवाजा बनवणारी कंपनी यांच्याशी संबंधित तिघांना निष्काळजीपणाबद्दल दोषी ठरवले. त्यांच्या शिक्षा स्थगित ठेवण्यात आल्या.

हा दरवाजा काढून टाकण्यात आला आणि देशभर अनेक ठिकाणी तसे दरवाजे बंद झाले. सरकारने स्वयंचलित फिरत्या दरवाजांसाठी मार्गदर्शक नियम काढले. अपयशाचा शास्त्रीय अभ्यास करणारे अभियंते योतारो हातामुरा यांनी स्वतःहून एक अभ्यासगट उभा करून वेगवेगळ्या दरवाजांच्या चाचण्या घेतल्या. इमारतीचा प्रचंड व्याप सांभाळताना तिच्या दारातून जाणाऱ्या सर्वांत लहान माणसाचा विचार राहून गेला, हा या घटनेचा धडा जपानी अभियांत्रिकीच्या शिक्षणात आजही सांगितला जातो.

भूकंप आणि स्वतःची वीज

आपत्तीच्या वेळी लोकांना पळून जावे लागते असे नव्हे, तर लोकांना आसऱ्याला येता यावे असे शहर बांधायचे, हे मोरी बिल्डिंगचे जाहीर धोरण आहे. त्याची परीक्षा लवकरच झाली. ऑक्टोबर २००४ मध्ये निइगाता प्रांतात मोठा भूकंप झाला. केंद्र सुमारे २०० किलोमीटर दूर असूनही लांब पल्ल्याच्या संथ लहरींनी मोरी टॉवर हेलकावू लागला आणि काही लिफ्टचे नुकसान झाले. जमिनीवर फारसे न जाणवणारे असे हादरे उंच इमारतींना कसे झुलवतात, याकडे त्यानंतर गांभीर्याने पाहिले जाऊ लागले.

संकुलाच्या तळघरात स्वतंत्र वीजकेंद्र आहे. ते नैसर्गिक वायूवर चालते आणि त्याची क्षमता सुमारे ३८ हजार किलोवॅट आहे. वीज बनवताना निर्माण होणारी उष्णता वाया न घालवता इमारती गरम आणि थंड करण्यासाठी वापरली जाते. ११ मार्च २०११ च्या महाभूकंपानंतर आणि फुकुशिमा अणुकेंद्रातील अपघातानंतर टोकियोत विजेचा तीव्र तुटवडा पडला. तेव्हा रोप्पोंगी हिल्सने स्वतःचा वापर कमी केला आणि उरलेली वीज शहराच्या वीज कंपनीला दिली. दिवसा ४,००० आणि रात्री ३,००० किलोवॅट एवढी ती होती. त्या रात्री रेल्वे बंद पडल्याने टोकियोत लाखो लोक अडकून पडले होते. या अनुभवानंतर मिनातो विभागाशी करार झाला आणि अशा ५,००० लोकांना आसरा देण्याची तयारी संकुलाने ठेवली. सुमारे एक लाख जेवणांचा साठा आणि पाण्यासाठी विहिरीही येथे आहेत.

झळाळी आणि टीका

सुरुवातीच्या वर्षांत याहू जपान, राकुतेन, लाइव्हडोअर अशा इंटरनेट कंपन्या आणि गोल्डमन सॅक्स, लेहमन ब्रदर्स या वित्तसंस्था मोरी टॉवरमध्ये होत्या. येथे काम करणाऱ्या आणि राहणाऱ्या नवश्रीमंतांसाठी जपानी माध्यमांनी ‘हिल्स-झोकु’, म्हणजे ‘हिल्सवाली जमात’ असा शब्द रूढ केला. जानेवारी २००६ मध्ये लाइव्हडोअरवर छापा पडला आणि तिचे प्रमुख ताकाफुमी होरिए यांना अटक झाली. २००८ मध्ये लेहमन ब्रदर्स बुडाली. झटपट श्रीमंतीचे प्रतीक म्हणून जे नाव गाजले, तेच हावरेपणाचे प्रतीक म्हणूनही घेतले जाऊ लागले.

टीकाकारांचा मूळ आक्षेप वेगळा आहे. छोट्या दुकानांची, एकमेकांना ओळखणाऱ्या शेजाऱ्यांची वस्ती जाऊन तिथे पैसेवाल्यांचे बेट तयार झाले, असे ते म्हणतात. चौक सर्वांना खुले असले तरी ते खासगी मालकीचे आहेत आणि तिथले नियम कंपनी ठरवते. समर्थकांचे उत्तर असे की जुन्या वस्तीत आग लागली असती तर गाडी पोहोचली नसती आणि मूळ हक्कदारांपैकी बहुसंख्य लोक याच जागी टिकून राहिले. या दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. नवे रहिवासी मंडळ परिसर-सफाई, भूकंपाच्या कवायती आणि उन्हाळ्यातले बोन-ओदोरी, म्हणजे पूर्वजांच्या स्मरणाचे सामूहिक नृत्य, दरवर्षी करते. जुन्या शेजाराची वीण नव्या इमारतींत पुन्हा घालण्याचा हा प्रयत्न म्हणता येईल.

पुढचा वारसा

रोप्पोंगी हिल्सच्या नमुन्यावर मोरी बिल्डिंगने टोकियोत पुढे तोरानोमोन हिल्स आणि अझाबुदाई हिल्स उभारले. नोव्हेंबर २०२३ मध्ये खुल्या झालेल्या अझाबुदाई हिल्समधील ‘मोरी जेपी टॉवर’ ही पूर्ण झाली तेव्हा जपानमधील सर्वांत उंच इमारत ठरली. तिथे हक्कदार सुमारे ३०० होते आणि १९८९ मध्ये सुरू झालेल्या चर्चेपासून उद्घाटनापर्यंत ३४ वर्षे गेली, म्हणजे रोप्पोंगीच्या दुप्पट. या काळात बांधकामाचे तंत्र खूप पुढे गेले. शेकडो कुटुंबांना एका निर्णयावर आणण्याचे काम मात्र आजही एकेका घराची कडी वाजवूनच करावे लागते.